कॅलरीचं अ‍ॅप वापरताय? मग आधी तेल मोजा

अ‍ॅप टाकलं की पहिल्याच दिवशी डाएट सुरू करू नका, आधी आठवडाभर जे खाताय तेच खा आणि फक्त लिहीत जा, ठाणे स्टेशनबाहेरचा वडापाव, ऑफिसातला दुसरा चहा, सगळं, काही लपवू नका कारण ते वाचणारे तुम्हीच आहात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भातात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात आणि तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात १३० च्या आसपास, म्हणून अ‍ॅपमध्ये शिजलेला निवडलाय का ते बघाच. आणि वाटीचं म्हणाल तर अ‍ॅपची वाटी वेगळी, आपल्या घरची वेगळी, त्यामुळे एक साधा किचनचा वजनकाटा घ्या आणि आपली वाटी, आपली पोळी एकदाच मोजून ठेवा, रोज मोजायची गरज नाही.

तेल मात्र रोज मोजा! १ ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, प्रोटीन आणि कार्ब्समध्ये ४, म्हणजे फोडणीचा एक मोठा चमचा तेल सहज १२० कॅलरी. आईला सांगा कढईत ओतण्याआधी चमच्याने घाल, माझी आई आधी चिडली पण आता स्वतःच मोजते.

मग प्रोटीनचा आकडा बघा. आपल्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम तरी हवं, कमी पडत असेल तर संध्याकाळच्या फरसाणाऐवजी मटकीची उसळ, अंडी किंवा भाजलेले चणे. डायबेटिस किंवा किडनीचा त्रास असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.