बसने कोण जात होतं?

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. पहिल्या नोकरीत एक मेल लिहिला: 'ट्रॅव्हलिंग बाय बस, माय लॅपटॉप फेल.' शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी तो वाचून विचारलं, "बसने कोण जात होतं? तू की लॅपटॉप?" मला प्रश्नच कळेना. 'बसने जाताना माझा लॅपटॉप पडला' यात चुकीचं काय आहे?

मराठीत काहीच नाही. आपला '-ताना' मोकळा आहे. जाणारा एक आणि पडणारा दुसरा असला तरी त्याला चालतं. इंग्रजीत मात्र वाक्याच्या तोंडाशी आयएनजीचं रूप आलं, की स्वल्पविरामानंतरचा कर्ताच ते काम करतोय असं धरतात. म्हणजे ते वागतं आपल्या '-ऊन'सारखं. 'दार उघडून तो आत आला' म्हटलं, की दार त्यानेच उघडलेलं असतं. कर्ते दोन असतील तर सरळ दोन्ही लिहावेत: 'व्हाइल आय वॉज ट्रॅव्हलिंग बाय बस, माय लॅपटॉप फेल.' नुसतं 'व्हाइल' जोडून 'आय' गाळला तर चूक तशीच राहते. मी कितीतरी दिवस तेच करत होतो.

आयएनजीच्या या रूपाला 'प्रेझेंट पार्टिसिपल' म्हणतात. त्यातल्या 'प्रेझेंट' म्हणजे 'वर्तमान' या नावानेही फसू नका. 'ही केम रनिंग' म्हणजे 'तो धावत आला'. काळ 'केम' सांगतो, 'रनिंग' नाही. आपला 'धावत' तरी कुठे काळ सांगतो?

दुसरा गोंधळ असा, की एकच आयएनजी अनेक कामं करतो. जुन्या इंग्रजीत विशेषणाचा प्रत्यय '-एंडे' आणि नामाचा '-उंग' किंवा '-इंग' असा वेगळा होता, पुढे दोन्ही एक झाले. आपल्याकडे ते अजून वेगळे आहेत, म्हणून मराठी करून पाहिलं की उलगडा होतो. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहतं पाणी, धातुसाधित विशेषण. हाच प्रेझेंट पार्टिसिपल. 'स्विमिंग इज गुड' मधलं पोहणं हे धातुसाधित नाम, म्हणजे जेरंड. 'स्लीपिंग बॅग' ही झोपायची पिशवी, ती स्वतः झोपत नाही.

पण 'स्लीपिंग बेबी'ला आपण 'झोपतं बाळ' म्हणत नाही, 'झोपलेलं बाळ' म्हणतो. कोपऱ्यात बसलेला माणूसही इंग्रजीत 'सिटिंग'च असतो. झोपणं, बसणं, उभं राहणं या क्रियापदांशी मराठी '-लेला' लावते आणि इंग्रजी आयएनजी. इथे शब्दाला शब्द लावू नका. ही चारदोन क्रियापदं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.