लेव्यांची सोय कशी लावावी: नगर, गायरान आणि दशमांश

प्राचीन इस्राएलात मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला इतर वंशांसारखा मुलूख मिळाला नाही. राहायला नगरे, गुरांना गायरान आणि पोटाला लोकांच्या उत्पन्नाचा दहावा भाग म्हणजे दशमांश, अशी त्यांची सोय होती. पहिल्या दोन गोष्टी एकदा लावून दिल्या की झाले. तिसरी दर सुगीला नव्याने उभी करावी लागते, आणि घडी विस्कटते ती तिथेच.

नगरे एकूण ४८. ज्याचे वतन मोठे त्याने जास्त द्यायची, लहान त्याने कमी. यहूदा आणि शिमोन या वंशांनी मिळून ९ दिली, नफतालीने ३, बाकीच्यांनी ४-४. लेव्यांच्या कोणत्या कुळाला कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे: कहाथी कुळातल्या अहरोनाच्या वंशाला, म्हणजे याजकांना (पुरोहितांना), १३, उरलेल्या कहाथींना १०, गेर्षोनींना १३, मरारींना १२. यांतलीच ६ शरणपुरे, म्हणजे चुकून हत्या घडलेल्याला आसरा देणारी नगरे. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन आणि पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान.

काय दिले आणि काय नाही, हे आधीच फोडून सांगावे. हेब्रोन नगर व त्याभोवतीचे गायरान याजकांना गेले, पण त्याची शेते आणि खेडी यहूदा वंशातल्या कालेबाकडेच राहिली. एवढे स्पष्ट नसेल तर एका शिवाराला दोन मालक उभे राहतात.

मोजणी जपून करावी. गायरान तटापासून बाहेर १००० हात, चारही दिशांना. हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरला तर हे अंतर ४५० मीटर होते. दोरी तटाच्या बाहेरच्या अंगाला लावावी. समजा नगर ४०० हात लांब-रुंद आहे. मग बाहेरच्या चौकोनाची बाजू २४०० हात, आणि नगर वगळून गायरान ५६ लाख चौरस हात, म्हणजे सुमारे ११३ हेक्टर. तीच दोरी नगराच्या मध्यावर धरली तर ३८ लाख ४० हजारच उरतात. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि तो गेला गुरांच्या तोंडचा.

बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकात लगेच पुढे २००० हातांचाही उल्लेख येतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात त्यावर दोन मते आहेत. रब्बी अकिवा ती शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, चालण्याची हद्द मानतात. दुसऱ्या मताप्रमाणे ती शेते आणि द्राक्षमळ्यांची जमीन. १००० हातांचा मोकळा पट्टा मात्र दोघांनाही मान्य आहे, म्हणून आखणीत तो सर्वांत आधी पक्का करावा.

हे गायरान विकता येत नाही, कधीच नाही. घर विकता येते, पण लेव्याला ते केव्हाही सोडवून घेता येते आणि दर पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी ते त्याच्याकडे परत येतेच. तटबंदीच्या नगरातल्या इतरांना सोडवायला एकच वर्ष मिळे. ज्याला दुसरी जमीनच नाही त्याला ही सवलत हवीच होती.

आता दशमांश. १०० मापे धान्य झाले तर १० लेव्यांची. त्या १० मधले १ माप लेव्यांनी याजकांना द्यायचे, तेही उत्तमातले. ९ त्यांच्या घरी. धान्याऐवजी पैसे द्यायचे तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त: १० शेकेलांच्या (चांदीच्या नाण्यांच्या) मालाला १२ शेकेल. गुरांना ही मुभा नाही. मोजताना मेंढपाळाच्या काठीखालून जाणारे प्रत्येक दहावे जनावर जसे असेल तसे द्यायचे. चांगले काढून रोडके घातले तर दोन्ही पवित्र ठरतात, म्हणजे अदलाबदल करणाऱ्याची दोन्ही जातात.

माल ठेवायला जागा आधी तयार हवी. हिज्कीया राजाच्या काळी तिसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत नुसत्या राशी लागत गेल्या, मग कोठ्या तयार कराव्या लागल्या. वाटपासाठी त्याने वंशावळीची नोंद धरली: याजकांकडची ३ वर्षांवरील मुले-पुरुष, लेव्यांचे २० वर्षांवरील, कामाच्या पाळीप्रमाणे. नोंद नसेल तर दूरच्या नगरांतली माणसे हमखास सुटतात.

पुढे यहूदाचा सुभेदार नहेम्या यरुशलेमेत नसताना मंदिराच्या आवारातली भांडाराची खोली त्याचा विरोधक तोबीया याला दिली गेली होती. लेव्यांचे वाटेही पोहोचले नव्हते, म्हणून ते आणि गाणारे सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. नहेम्याने खोली रिकामी करून शुद्ध करवली, त्यांना परत जागेवर आणले आणि कोठारावर शलेम्या याजक, सादोक लेखक व पदाया लेवी यांना नेमले, मदतीला हानान. तिघे तीन गटांतले, त्यामुळे एकट्याच्या हाती किल्ली राहत नाही. लेवी दशमांश गोळा करत तेव्हा अहरोनाच्या वंशातला एक याजक सोबत असावा, असा करारही त्या काळात झाला होता. त्यातला दहावा भाग लेव्यांनी मंदिराच्या कोठारात आणायचा होता.