बेसची तार उतरवताय? या चुका टाळा

ड्रॉप डी म्हणजे बेस गिटारची चौथी, सगळ्यात जाड तार ई वरून डी वर आणायची, बाकी ए, डी, जी होत्या तशाच. पेग फिरवला की काम झालं असं पोरांना वाटतं, आणि हाताला नवी जागा शिकवायची राहून जाते.

सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. तार एक सबंध सूर खाली गेली की तिच्यावरची प्रत्येक जागा दोन फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) वर सरकते. जी हा सूर आता तिसऱ्या फ्रेटवर नाही, पाचव्यावर. डोक्याला हे माहीत असतं, बोटांना नसतं. पारोळ्याकडे हळदीच्या एका कार्यक्रमात बेसवाल्या पोराने एका गाण्यासाठी तार उतरवली आणि तशीच ठेवली. पुढच्या गाण्यांचं काय, विचारलं तर म्हणाला, "भाऊ, जमी जाई." पुढचं गाणं पांढरी पाचचं, जी मेजर. बोट सवयीने तिसऱ्या फ्रेटवर गेलं, म्हणजे एफ. ए तारेवरचे सी, डी बरोबर लागत होते, म्हणून चूक कुठे आहे तेच कळेना. कीबोर्डवाला आपला ट्रान्सपोज तपासत बसला, आणि गायक दुसऱ्या कडव्यात सा शोधत भरकटला. भर मांडवात त्या बिचाऱ्याला लोक बेसुरा म्हणाले.

टॅबवरचे (कोणती तार, कितवा फ्रेट हे सांगणारे) आकडे पाठ करणारे हमखास असे फसतात. मी तार उतरवली की आधी चौथ्या तारेवरचे सूर मोठ्याने म्हणत वाजवतो: उघडी डी, दुसऱ्यावर ई, तिसऱ्यावर एफ, पाचव्यावर जी, सातव्यावर ए, नवव्यावर बी, दहाव्यावर सी. मग जी मेजर: पाच-सात, हात मागे आणून ए तारेवर दोन-तीन-पाच. हे मागे येणं मेट्रोनोम साठवर लावून घोटा. ज्याला तेवढा धीर नाही त्याने स्टँडर्डमध्येच, म्हणजे नेहमीच्या ई-ए-डी-जीमध्येच वाजवावं.

दुसरी चूक पाहिली की जीव तुटतो: चार तारांच्या बेसवर तारा आणखी खाली, बी-ई-ए-डी अशा लावायच्या म्हणून नेहमीच्या ४५-१०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागात) तारा सैल सोडणं. तार लोंबते, फ्रेटवर खडखडते, जोरात छेडली की सूर आधी चढतो आणि मग खाली बसतो. पाच तारांच्या सेटमधल्या जाड चार तारा घ्या. त्यातली बी साधारण १३० ची असते. नटची (मानेच्या टोकाची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) खाच कारागिराकडून रुंद करून घ्या, घरी कानस चालवू नका. ताण बदलला की ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर नेमका लागतो का ते) पुन्हा बघावं लागतं: बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) नटपासून लांब, मागे घ्या. आणि ती बी जेमतेम ३१ हर्ट्झची. छोट्या अँपमधून तिचा मूळ सूर ऐकूच येत नाही, म्हणून आवाज वाढवत बसू नका.

सूर खालून चढवत लावा, वरून सोडत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला कूलरच्या खोलीत लावलेली तार मांडवात आली की उतरते. स्टेजवर पुन्हा बघा.

कॉर्ड वाजवताना जाड दोन तारांवर थर्ड (मूळ सुरापासूनचा तिसरा सूर) घेतला की नुसती गुरगुर होते. मूळ सूर चौथ्या तारेवर आणि थर्ड एक सप्तक वर, जी तारेवर घ्या. ड्रॉप डीमध्ये मेजरला जी तारेवर मूळ सुराच्या एक फ्रेट अलीकडे, मायनरला दोन: पाचव्यावर जी असेल तर चौथ्यावर बी, तिसऱ्यावर बी फ्लॅट. मधल्या दोन तारा बोटांनी बंद ठेवा.