जुन्या गाडीचं इंजिन उसळतंय? आधी क्लिनर साईडचं फाउंडेशन बघा

इसुझु इंजिनची कॉन्टेसा असो की कॅम-कार्ब्युरेटर बदलून ताकद वाढवलेली अ‍ॅम्बेसेडर, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरा झटक्यात सुटला की बॉनेटखाली 'धप्प' होतं. मग प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला जातो, पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. पुष्कळदा दोष इंजिन फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन चेसिसवर ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं त्यांच्या रबरात असतो.

गाडीच्या लांबीत उभ्या बसवलेल्या इंजिनाचा क्रँक समोरून पाहिला तर बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. त्याचा उलट रेटा ब्लॉकवर येतो आणि इंजिनाची डावी, म्हणजे क्लिनर साईड वर उचलली जाते. गिअरबॉक्स इंजिनालाच जोडलेला असल्याने हा रेटा गिअरच्या पटीत वाढतो. उदाहरणादाखल इंजिनाचा टॉर्क १३५ न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.५ पटीचा आणि दोन फाउंडेशनमधलं अंतर अर्धा मीटर धरा. डाव्या बाजूला साधारण ९५ किलोचा उचल येतो. त्या फाउंडेशनवर इंजिनाचं वजन ५०-६० किलोच असतं, म्हणजे रबर दाबलं न जाता ताणलं जातं. साधं रबर दाब झेलण्यासाठी असतं, ताण आला की ते धातूच्या पत्र्यापासून सुटतं. उजवं शाबूत आणि डावं फाटलेलं दिसलं, तर नवल नको.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो, मॅनिफोल्डशेजारचं रबर त्याहून कितीतरी जास्त भाजतं आणि कडक होऊन चिरतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) पॅकिंग गळत असेल तर तेलाने तेच रबर फुगून लुसलुशीत होतं. गळती आधी बंद करा, नाहीतर नवं फाउंडेशनही वर्षभरात जाईल.

तपासणी सोपी आहे. चाकांपुढे-मागे दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडीसमोर कोणी उभं राहू नये. टॅपेट कव्हरच्या डाव्या कडेशेजारी मडगार्डच्या आतल्या पत्र्याला मोजपट्टी चिकटवा, मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवा. आतल्या माणसाने पहिला गिअर टाकून हाफ क्लचवर दोन सेकंद रेटा द्यायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. कव्हर १०-१२ मिमी हललं तर ठीक. २५ मिमीच्या पुढे गेलं तर रबर सुटलंय असंच धरा. खात्रीसाठी चेंबरखाली (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) रुंद लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन हलकेच उचला. फाटलेल्या रबराची फट उघडते. फळीशिवाय जॅक लावलात तर चेंबर चेपतो आणि ऑइल पंपाची जाळी तळाला टेकते.

पहिला उपाय म्हणजे नवं रबर, दोन्ही बाजूंचं आणि गिअरबॉक्सचंही, एकदमच. एक जुनं एक नवं ठेवलं तर इंजिन तिरकं बसतं. पॉलियुरेथेन घ्यायचं तर रस्त्यावरच्या गाडीला शोअर ए ७० ते ८० इतका कडकपणा पुरे. ९५ चं घातलंत तर आयडलला आरसा थरथरेल आणि डॅशबोर्डचे स्क्रू सैल होतील. लोखंडी ठोकळे घालून इंजिन 'सॉलिड' करण्याचा सल्ला गावोगाव मिळतो. तो शर्यतीच्या गाडीसाठी आहे. त्यातही इंजिन रबरावर आणि गिअरबॉक्स सॉलिड, असं अर्धवट केलं की इंजिनाची पिळण गिअरबॉक्सच्या अ‍ॅल्युमिनियम केसिंगला सोसावी लागते आणि त्याचे कान तडकतात.

नव्या रबरानंतरही उसळी जास्त वाटली तर डाव्या बाजूला इंजिनापासून चेसिसपर्यंत आवर घालणारी साखळी लावा. कल्पना जुनी आहे. इंजिन उचललं जाऊन अ‍ॅक्सिलरेटर उघडा राहण्याच्या तक्रारींमुळे १९७१ च्या अखेरीस जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेव्हरोले परत बोलावल्या आणि इंजिनाला पोलादी दोराने आवर घातला.

सामान: ८ मिमीची ग्रेड ८० साखळी (क्रेनवाल्यांकडे मिळते), पाऊण टनाचे दोन डी-शॅकल, ६ मिमी जाड एमएस (साध्या पोलादाच्या) पट्टीचे दोन तुकडे, १० मिमीचे ८.८ ग्रेडचे बोल्ट. पट्ट्या जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत कोणीही कापून, भोक पाडून देईल.

वरची पट्टी हेडवर इंजिन उचलण्याच्या हुकाच्या जागी लावा. हेड बोल्टखाली कधीच नाही, गॅस्केट जातं. बिडाच्या हेडात बोल्ट किमान १५ मिमी आत जावा, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडात २० मिमी. बिडात ४५ न्यूटन मीटरने आवळा. खालची पट्टी क्रॉसमेंबरवर (चेसिसचा आडवा दांडा), साखळी शक्य तितकी उभी राहील अशी; मडगार्डचा पत्रा फाटतो, तिथे नको. साखळी मॅनिफोल्डपासून लांब जाऊ द्या.

खरी कसोटी ढिलेपणाची. फळीवरून जॅकने इंजिनाची डावी बाजू ६ मिमी उचला, साखळी ताणून धरा आणि तेव्हाच खालची पट्टी टॅक करा, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके मारून पकडा. जॅक काढला की तेवढी ढील उरते. टॅक मारण्याआधीच बॅटरीच्या दोन्ही केबल आणि अल्टरनेटरची वायर सोडवा. ढील ठेवली नाही तर इंजिनाची सगळी थरथर बॉडीत उतरते. फार ठेवली तर झटका बसून पट्टीच वाकते. साखळी खडखडू नये म्हणून तिच्यावर जुन्या रेडिएटर होसचा तुकडा चढवा आणि शॅकलच्या पिना तारेने बांधा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: अर्थिंगची पट्टी. ती तुटलेली किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा सगळा करंट या साखळीतून किंवा अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून जातो. केबल तापून आत चिकटते. इंजिन ते चेसिस अशी नवी जाड पट्टी टाका, रंग खरवडून.

अ‍ॅक्सिलरेटर सळ्यांवर चालत असेल तर इंजिन हललं की तोही हलतो. जमल्यास केबलवर घ्या. पंखा आणि रेडिएटरमध्ये २० मिमी जागा हवी.

५०० किमीनंतर, किंवा पहिल्यांदा कन्नडचा घाट चढून आल्यावर, इंजिन गार झालं की सगळे बोल्ट पान्याने पुन्हा तपासा. साखळीच्या कड्यांवर चकाकी दिसली तर ढील कमी पडतेय, खालच्या पट्टीचं वेल्डिंग काढून पुन्हा मोजा.