स्विचला हात लावण्याआधी: व्हीलॅनची तयारी (आणि पीव्हीआयडी, पीव्हीआयडी, पीव्हीआयडी)

स्विचवर व्हीलॅन पाडायचे, म्हणजे एकच नेटवर्क आतून एकमेकांपासून वेगळ्या भागांत तोडायचं, तर वेळ ऑफिस सुटल्यानंतरची किंवा रविवारची घ्या, हे सांगायला नको. ११ आणि २० तारीख टाळा, हे मात्र सांगतो, कारण जीएसटीचे रिटर्न त्या दिवशी भरायचे असतात आणि अकाउंटवाले ते तुम्हाला आधी सांगत नाहीत, नेट गेलं की सांगतात.

पुढचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या ऑफिससाठी आहे. तीस-चाळीस पॉइंट, २४ पोर्टचे एक-दोन वेब-मॅनेज्ड स्विच, व्हीलॅन समजणारा राउटर, टॅलीचा सर्व्हर, कॅमेरे, हजेरीचं मशीन, एक-दोन प्रिंटर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वायफाय. सिस्कोवर कमांड मारून काम करणाऱ्यांना यातला अर्धा त्रास नाहीच. त्यांनी फक्त राउटर आणि प्रिंटरचा भाग वाचावा.

पहिलं काम कागदावर. तक्ता आखा: स्विचचा पोर्ट, भिंतीवरच्या पॉइंटचा नंबर, तिथे काय जोडलंय, अनटॅग्ड कुठला व्हीलॅन, टॅग्ड कुठले (टॅग म्हणजे फ्रेमवर, डेटाच्या पाकिटावर, मारलेला व्हीलॅनचा नंबर), आणि शेवटचा रकाना पीव्हीआयडी (पोर्टचा ठरलेला व्हीलॅन नंबर, खुलासा पुढे). हा शेवटचा रकाना लाल पेनने आखा. मस्करी करत नाही. तो रिकामा असेल तर घरातून निघू नका.

तक्ता भरताना पॅच पॅनेलवरच्या लेबलांवर विश्वास ठेवू नका. लेबल लावल्यानंतर ऑफिसातलं पार्टिशन हललेलं असतं, केबिनची स्टोअररूम झालेली असते. केबल काढा, कुठल्या पोर्टचा दिवा गेला ते बघा, लिहा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही. त्याच फेरीत टेबलांखाली वाकून बघा. पाच पोर्टचा साधा स्विच हमखास सापडतो, कारण कुणीतरी कधीतरी एका पॉइंटवर दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर लावलेला असतो. त्याच्यामागचं सगळं एकाच व्हीलॅनमध्ये जाणार. ते चालणार नसेल तर नवी केबल ओढायची तयारी ठेवा आणि आधीच सांगून ठेवा, म्हणजे बिलावरून वाद नको.

नंबर ठरवताना १ ते ४०९४ मधला कुठलाही चालतो, पण १०, २०, ३०, ४० असे अंतर ठेवून घ्या आणि आयपीचा तिसरा आकडा तोच ठेवा. व्हीलॅन ३० म्हणजे १९२.१६८.३०.०, बस. सहा महिन्यांनी फोनवरून कुणाला सांगताना याची किंमत कळते. व्हीलॅन १ मध्ये कामाचं काही ठेवू नका. खोक्यातून काढलेल्या नव्या स्विचचे सगळे पोर्ट तिथेच असतात, त्यामुळे जे सेट करायचं राहिलं ते सगळं तिथे गोळा होतं.

आता तो पीव्हीआयडी. पोर्टमधून टॅग नसलेली फ्रेम आत आली की तिला कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचं, हे पीव्हीआयडी ठरवतो. अनटॅग्ड सदस्यत्व उलट्या दिशेचं आहे: या व्हीलॅनची फ्रेम या पोर्टमधून बाहेर सोडताना टॅग काढून सोड, एवढंच ते सांगतं. सिस्कोवर पोर्टला अ‍ॅक्सेस व्हीलॅन दिला की दोन्ही एकदम होतं. टीपी-लिंकच्या ईझी स्मार्ट मालिकेत, नेटगिअरच्या छोट्या स्विचवर आणि अशा बऱ्याच ठिकाणी या दोन गोष्टी दोन वेगळ्या पानांवर आहेत. पहिल्या पानावर तुम्ही व्हीलॅन बनवता, पोर्टवर टिका मारता, अप्लाय दाबता, रंगीत चित्र येतं, काम झाल्यासारखं वाटतं. पीव्हीआयडीचं पान मेनूत त्याच्या खाली गप्प पडलेलं असतं. तिथे सगळ्या पोर्टांसमोर १, १, १, १.

मागच्या खेपेला मी ते पान उघडलंच नाही. आणि वाईट हे की काहीही बंद पडलं नाही. पोर्ट नव्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड होते, जुन्या १ मधूनही काढलेले नव्हते, पीव्हीआयडी १. म्हणजे कॅमेरा बोलला की त्याची फ्रेम १ मध्येच जाणार, उत्तर १ मधूनच येणार, आणि पोर्ट व्हीलॅन १ चाही सदस्य असल्यामुळे ते नीट पोचणार. सगळे कॅमेरे दिसत होते, टॅली चालत होती, गिऱ्हाईक खूश. पुढे रिसेप्शनच्या वायरवर लावलेल्या पाहुण्याच्या लॅपटॉपला अकाउंटचं शेअर केलेलं फोल्डर दिसलं, तेव्हा कळलं की वेगळं काहीच झालेलं नव्हतं. बंद पडलं असतं तर त्याच रात्री दुरुस्त झालं असतं.

दुसरी चूक याच्या उलट. पोर्ट व्हीलॅन १ मधून काढला, पण पीव्हीआयडी १ च राहिला. मग मशीन आयपी मागतं ती हाक १ मध्ये जाते, उत्तर त्या पोर्टमधून बाहेर पडू शकत नाही, आणि विंडोजवर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसतो. तो दिसला की केबल बदलत बसू नका, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) रीस्टार्ट करू नका. आधी पीव्हीआयडीचं पान उघडा.

म्हणून क्रम पाठ करा. आधी राउटरवर प्रत्येक व्हीलॅनचा इंटरफेस, गेटवे (त्या व्हीलॅनमधून बाहेर जायचा राउटरचा पत्ता) आणि डीएचसीपी पूल (वाटायचे आयपी). मग राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर सगळे व्हीलॅन टॅग्ड. दोन स्विच असतील तर त्यांच्यामधल्या केबलच्या दोन्ही टोकांना तेच. एका टोकाला विसरता आणि मग वरच्या मजल्यावर नेट नाही म्हणून जिने चढता. मग बाकीचे पोर्ट अनटॅग्ड. मग पीव्हीआयडी. मग, आणि मगच, व्हीलॅन १ मधून काढणं. शेवटचं पाऊल आधी टाकलं की मधेच अडकता.

यात एक पोर्ट वगळा: स्वतःचा. २४ नंबरला हात लावू नका, तो १ मध्येच राहू द्या, स्विचचा स्वतःचा पत्ताही काम संपेपर्यंत तिथेच ठेवा आणि लॅपटॉप त्यालाच लावा. लॅपटॉपला हाताने आयपी द्या, कारण मधल्या काळात डीएचसीपीचा भरवसा नाही. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, तेव्हा यूएसबीचा डोंगल बॅगेत टाका. स्विच वायफायवरून सेट करायला गेलात तर ज्या फांदीवर बसलात तीच कापणार. राउटर मायक्रोटिकचा असेल तर व्हीलॅन फिल्टरिंगची टिक सगळ्यात शेवटी, तीही सेफ मोड (जोडणी तुटली तर बदल मागे घेणारा) चालू करून.

आधीच्या सेटिंगचा बॅकअप फाइलमध्ये घ्या. फर्मवेअर (स्विचचं आतलं सॉफ्टवेअर) त्याच दिवशी अपडेट करू नका. का, ते ज्याने केलंय त्याला विचारा.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं. कॅमेऱ्यांच्या स्वस्त पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर पुढे एक बारीक खटका असतो आणि शेजारी इंग्रजीत 'व्हीलॅन' लिहिलेलं असतं. त्याचा आपल्या व्हीलॅनशी संबंध नाही. तो खटका फक्त पोर्टांना एकमेकांपासून तोडतो, सगळ्यांना अपलिंकशी (पुढच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टशी) बोलू देतो, टॅग वगैरे काही नाही. कॅमेरावाला "साहेब, यात व्हीलॅन आहे" म्हणाला तर हसून सोडून द्या. त्याच्या शेजारचा 'एक्स्टेंड' चुकून ढकलू नका, लांब केबलसाठी तो पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर आणतो. हा अख्खा स्विच आपल्या मोठ्या स्विचच्या एका पोर्टवर, त्या पोर्टला कॅमेऱ्यांचा व्हीलॅन अनटॅग्ड, आणि पीव्हीआयडी? तोच. लिहिलात का रकान्यात?

कॅमेरे, एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), हजेरीचं मशीन, प्रिंटर: यांना बहुतेक वेळा हाताने आयपी दिलेला असतो. नव्या व्हीलॅनमध्ये तो चालणार नाही. निघण्याआधी प्रत्येकाचा पासवर्ड मिळवा. हजेरीच्या मशीनचा पासवर्ड ऑफिसात कुणालाच माहीत नसतो आणि रविवारी कंपनी फोन उचलत नाही. एकाच व्हीलॅनमध्ये राहणाऱ्या वस्तूंना जुनेच आयपी ठेवायचे असतील तर त्या व्हीलॅनला जुनीच रेंज द्या, नंबर जुळवण्याचा हट्ट तेवढ्यापुरता सोडा.

प्रिंटर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये गेला की आपोआप सापडणं बंद होतं. ते शोधणं त्याच नेटवर्कपुरतं असतं, राउटर ओलांडत नाही. तेव्हा कॉम्प्युटरवर आयपी टाकून प्रिंटर पुन्हा जोडावा लागतो. शेअर केलेल्या फोल्डरचंही तसंच: विंडोजची फायरवॉल फाइल शेअरिंग बहुधा स्वतःच्या सबनेटपुरतंच उघडं ठेवते. प्रिंटर आणि ते वापरणारे एकाच व्हीलॅनमध्ये ठेवलेत तर ही कटकट वाचते, आणि छोट्या ऑफिसात तसंच करावं असं माझं मत.

वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा पोर्ट टॅग्ड-अनटॅग्ड मिश्र असतो. अ‍ॅक्सेस पॉइंटचा स्वतःचा कारभार ज्या व्हीलॅनवर तो अनटॅग्ड, वायफायची नावं ज्यांच्यावर ते टॅग्ड. इथे पीव्हीआयडी कारभाराच्या व्हीलॅनचा, पाहुण्यांच्या नव्हे.

राउटरवर नियम टाका. बरेच राउटर स्वतःवर बांधलेल्या सगळ्या व्हीलॅनमध्ये आपणहून वाट काढून देतात, त्यामुळे नियमांशिवाय व्हीलॅन म्हणजे नुसते वेगळे आकडे. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, कॅमेऱ्यांना बाहेरचं काही नाही (मालकाला मोबाइलवर बघायचंय असं निघालं तर फक्त एनव्हीआरला सूट), बाकी गरजेप्रमाणे.

तपासणी. पोर्ट बदलला तरी मशीन जुना आयपी धरून बसतं, तेव्हा केबल काढून लावा. डीएचसीपीची लीज (दिलेल्या आयपीची मुदत) आदल्या दिवशी कमी करून ठेवली असेल तर उत्तम. मग लॅपटॉप एकेका व्हीलॅनच्या पोर्टवर: आयपी कुठल्या रेंजचा, गेटवेला पिंग जातो का, आणि दुसऱ्या व्हीलॅनला पिंग जात नाही ना. हे तिसरं सगळे विसरतात. नेट चाललं म्हणजे झालं असं नाही. आयपी जुन्या रेंजचा आला तर काय बघायचं ते आता तुम्हीच सांगा.

सेव्ह. बऱ्याच स्विचवर अप्लाय म्हणजे सेव्ह नव्हे, वेगळं बटण असतं. दाबलं की स्विच बंद-चालू करा आणि पीव्हीआयडीचं पान एकदा परत बघा. नवा बॅकअप. भरलेल्या तक्त्याचा फोटो. लेबलं. पासवर्ड ऑफिसच्या मॅनेजरकडे बंद पाकिटात, दारावर चिकटवून नव्हे.