दोघांनी मिळून इव्हेंट करताय? तिकिटांचा हिशोब आणि लोकांचा डेटा याचं आधीच ठरवून घ्या

दोन आयोजक एकत्र आले की पोस्टरवर कुणाचा लोगो मोठा यावर तासभर चर्चा होते, पण तिकीट घेणाऱ्यांची यादी कुणाकडे राहणार हे कुणी विचारतच नाही, आणि सेल संपल्यावर मग वाजतं. म्हणून बुकिंग उघडायच्या आधीच हे बोलून, लिहून घ्या, साधा ईमेल असला तरी चालेल.

पहिलं म्हणजे विक्रीचे आकडे आणि ग्राहकांची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडे बिनधास्त शेअर करा, त्यात कुणाचं नाव नसतं. पार्टनरला तिकीट सिस्टिममध्ये स्वतःचं लॉगिन द्या, फक्त रिपोर्ट बघता येतील एवढंच, तुमचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका प्लीज. म्हणजे रोज रात्री "किती गेली रे?" हा मेसेजही बंद होतो.

कुणी किती विकली हे कळायला दोघांना वेगवेगळी ट्रॅकिंग लिंक द्या, पण लिंकवर शंभर टक्के विसंबू नका, लोक एकाची पोस्ट बघतात आणि दोन दिवसांनी गूगल करून तिकीट काढतात, अशी विक्री कुणाच्याच खात्यात दिसत नाही. ती अर्धी अर्धी धरायची की कशी, तेही आत्ताच ठरवा.

खरी भांडणं "विकलेलं तिकीट" म्हणजे काय यावर होतात. समजा रिपोर्टमध्ये 232 तिकिटं दिसतायत, त्यातले 20 फुकट पास, 12 रिफंड, म्हणजे वाटणीला उरली 200. त्यातून पेमेंट गेटवेचं, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं, कमिशन आधी वजा करायचं की वाटणीनंतर? आणि इव्हेंट झाल्यावर कुणी बँकेकडे तक्रार करून पैसे परत घेतले तर ते कुणाच्या हिश्श्यातून? हे लिहिलेलं नसेल तर दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात.

आता नाव, फोन, ईमेल. तिकीट काढलं म्हणजे दोघांच्याही जाहिराती चालतील असं होत नाही. बुकिंग फॉर्मवर दोन आयोजकांसाठी दोन वेगळे चेकबॉक्स ठेवा, नावं स्पष्ट लिहा, आणि आधीच टिक करून ठेवू नका. युरोपच्या जीडीपीआर या डेटा कायद्यात, जो 2018 पासून लागू आहे, आधीच टिक केलेला चेकबॉक्स संमती म्हणून चालतच नाही, आणि भारताचा 2023 चा डेटा कायदाही संमती स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरतीच मागतो. ज्यांनी पार्टनरच्या चेकबॉक्सवर टिक केलंय तेवढ्याच ओळी त्याला द्या. गेटवर एन्ट्रीला तर नाव आणि तिकीट नंबर पुरतो, जन्मतारीख कशाला?

फाइल देताना पासवर्ड लावा किंवा ठरावीक लोकांनाच उघडेल अशी शेअर करा. आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, एक्सेलमध्ये थेट उघडली की फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य गायब होतं, म्हणून इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट ठेवा.

एक राहतंच नेहमी: अनसबस्क्राइब. एखाद्याने तुम्हाला "माझी माहिती काढा" सांगितलं तर पार्टनरच्या कॉपीतूनही ती जायला हवी, तेव्हा हे कळवायला दोन्हीकडून एकेक माणूस आणि जास्तीत जास्त किती दिवसांत, हे त्याच ईमेलमध्ये टाका.