शिकाऊ उमेदवार घेताय? सरकारी मदत अडकवणाऱ्या या चुका टाळा

‘सहा महिने झाले, सरकारचा एक रुपया आला नाही,’ असं म्हणत एका हॉटेलमालकांनी करंट अकाउंटचं स्टेटमेंट माझ्या टेबलावर पसरलं. त्यांनी चार शिकाऊ उमेदवार घेतले होते, दोन फ्रंट ऑफिसला आणि दोन सर्व्हिसला. मी स्टेटमेंट बाजूला सारलं आणि चौघांना पासबुक भरून आणायला सांगितलं. तिघांच्या पासबुकात दर महिन्याची नोंद सापडली. पैसे येत होते, फक्त मालकांच्या खात्यात नाही. चौथ्याचं प्रकरण वेगळं होतं, त्याकडे नंतर येतो.

कामगार कायद्यांची कागदपत्रं सांभाळणं हा माझा धंदा. पूर्वी अ‍ॅप्रेंटिस म्हटलं की फिटर, टर्नर, वेल्डर आणि एमआयडीसीचं गेट. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात २०१४ च्या दुरुस्तीने ‘पर्यायी व्यवसाय’, म्हणजे आधीच्या सरकारी यादीबाहेरची कामं, आली आणि हॉटेल, कपड्यांचं दुकान, ब्युटी पार्लर, कुरिअरचं गोदाम यांनाही दार उघडलं. कारखान्यात हे सगळं बघायला टाइम ऑफिसचा माणूस असतो. पार्लरवाल्या ताईंकडे तो नसतो, त्यामुळे घोळ तिथेच जास्त होतात.

‘अनुदान’ या शब्दाची भूल

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. तेव्हा मालकाने पूर्ण विद्यावेतन द्यायचं आणि सरकारी हिस्सा नंतर मागून घ्यायचा, अशी पद्धत होती. जुलै २०२३ पासून तो हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जातो. अजूनही कितीतरी सल्लागार जुनीच पद्धत सांगतात.

हिस्सा किती? विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. २०१९ च्या नियमांतल्या दराने बारावी पास उमेदवाराचं विद्यावेतन ७,०००. त्याचे २५ टक्के होतात १,७५०, पण मिळतात १,५००. म्हणजे मालकाने द्यायचे ५,५००. तुम्ही हौसेने १०,००० दिले तरी सरकारकडून १,५००च.

आमच्या हॉटेलमालकांनी दर महिन्याला पूर्ण ७,००० दिले होते. मुलांना ८,५०० मिळत होते आणि मुलं गप्प होती. का बोलतील? परत मागायच्या भानगडीत पडू नका, असं मी सांगितलं. पुढच्या महिन्यापासून हिशेब बदलला.

अजून एक लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली. त्यामुळे मागच्या वर्षीचा करार कॉपी करून नवा बनवू नका. करार करायच्या दिवशी लागू असलेला दर ‘अ‍ॅप्रेंटिसशिप इंडिया’ या सरकारी पोर्टलवर बघा आणि मगच आकडा टाका.

रोख पाकिटं आणि राहिलेल्या नोंदी

विद्यावेतन बँकेतूनच द्या. पगाराच्या दिवशी पाकिटं वाटायची सवय असलेल्या दुकानात हे जड जातं, पण पाकिटाचा पुरावा पोर्टलला चालत नाही. तुमचा हिस्सा दिल्यावर त्या महिन्याची नोंद पोर्टलवर करा. नोंद राहिली की सरकारी हिस्साही राहतो. मुलं मात्र समजतात की शेठनेच पैसे खाल्ले.

माणसं मोजताना ठेकेदाराची माणसं विसरणं

४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक आहे. ३० किंवा जास्त असतील तर सक्तीचं. या मोजणीत कंत्राटी माणसंही धरतात. ‘आमच्याकडे तर २६च आहेत’ म्हणणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये हाउसकीपिंग आणि सिक्युरिटीची १४ माणसं एजन्सीची निघाली. झाले ४०. एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के असा पट्टा आहे, म्हणजे इथे कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा उमेदवार. हे माहीत नसलेल्या मालकाला दंडाची तरतूद आहे हेही माहीत नसतं.

आधी कामावर, मग कागद

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘ये उद्यापासून, कागद करू सावकाश.’ कराराचा तपशील सात दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. शिकाऊ उमेदवार हा कायद्याने कामगार नाही, पण हे संरक्षण नोंदणी झालेल्या कराराला आहे. करार नसेल तर तो तुमचा नोकरच. मग किमान वेतन आणि पीएफचा प्रश्न उभा राहतो. दोन वर्षं काउंटरवर असलेल्या जुन्या मुलाला रातोरात ‘शिकाऊ’ करून सरकारी हिस्सा मिळवायची शक्कल मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळते. हजेरीपत्रकच तुमच्या विरोधात साक्ष देईल.

व्यवसाय निवडताना ‘हेल्पर’, ‘ऑल राउंडर’ असलं काही मनाने लिहू नका. पोर्टलच्या यादीत रिटेल सेल्स असोसिएट, वेअरहाऊस पॅकर, ब्युटी थेरपिस्ट असे अभ्यासक्रम दिलेले आहेत. त्यात काय शिकवायचं तेही दिलेलं असतं. थेरपिस्टचा करार करून मुलीला वर्षभर रिसेप्शनला बसवलं, तर शेवटच्या मूल्यमापनात ती नापास होते. मग नाव पार्लरचंच खराब होतं.

लग्नसराईत हॉटेलवाले अजून एक घोळ घालतात: ओव्हरटाइम. ‘शिकाऊ उमेदवार सल्लागार’ या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तो देता येत नाही. हॉल बुक झाले म्हणून मुलाला रात्री दोनपर्यंत थांबवायची मुभा या करारात नाही.

तीन योजनांची खिचडी

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) ही वेगळी योजना आहे आणि तिचं पोर्टलही वेगळं. ती पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी आहे. तिथे किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकार उचलतं. आपल्याकडे तिचं काम मुंबईचं पश्चिम विभागाचं मंडळ बघतं. बीकॉम झालेली मुलगी हिशेबाला घेणार असाल तर आधी इथे चौकशी करा.

राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या दोन्हींहून निराळी. तिथे बारावी पासला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये राज्य सरकार देतं. पण ती शिकाऊ उमेदवारी नाही. तिथली मुलं दाखवून कायद्याचा २.५ टक्क्यांचा कोटा भरत नाही. आणि एकाच मुलाला दोन योजनांत बसवायचा मोह आवरा. आधार क्रमांक एकच असतो.

नोंदणीसाठी कमिशन मागणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पोर्टलवर अडलंच तर आयटीआयमधल्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या कार्यालयात जा. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गेलात तर माणसं निवांत भेटतात.

‘आधार लिंक आहे ना?’ एवढंच विचारणं

आता चौथा मुलगा. पोर्टलवर त्याचे पैसे दिल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र काहीच नाही. खात्याला आधार जोडलेलं होतं, बँकेनेही तसंच सांगितलं. पण खात्याच्या केवायसीला आधार असणं वेगळं आणि सरकारी पैसे घेण्यासाठी ते खातं आधारशी संलग्न असणं वेगळं. असं संलग्न खातं एका वेळी एकच असतं आणि थेट लाभाचे पैसे तिथेच जातात. लाडकी बहीण योजनेच्या वेळी कितीतरी बायकांना हे बँकेच्या रांगेत उभं राहून कळलं.

माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला दोन मिनिटं लागतात. करार करण्याआधीच प्रत्येक उमेदवाराकडून ते बघून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नावही ताडून पाहा. ‘गणेश’ आणि ‘गणेशा’ एवढ्यावरही घोडं अडतं.

त्या मुलाच्या स्टेटसमध्ये गावाकडच्या बँकेचं नाव निघालं. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं, तो विसरूनही गेला होता. पुढच्या सुट्टीत घरी जाऊन त्याने पत्र्याच्या पेटीतलं ते पासबुक शोधलं आणि भरून आणून माझ्यापुढे ठेवलं. शिवण उसवलेली, पहिलं पान सुटलेलं. शेवटच्या पानावर ओळीने सहा नोंदी होत्या, प्रत्येकी दीड हजाराच्या.